ॲस्टोरिया ते ब्रुकिंग्ज सायकलनं, ऑगस्टचा बेत, सल्ला हवाय

प्रेषक: अ., हिल्सबरो

नमस्कार मंडळी,

गणपतीच्या मीटिंगच्या मेल चालू असताना मध्येच हा वेगळा विषय टाकतोय, चालेल ना. मी, बायको, आमची चौदा वर्षांची मुलगी आणि ऑफिसमधला एक मित्र असे चौघंजण ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात ओरेगनचा सगळा किनारा सायकलनं करायचं म्हणतोय. अख्खा, वॉशिंग्टनच्या हद्दीपासून कॅलिफोर्नियाच्या हद्दीपर्यंत, साधारण ३७० मैल. रोज ७५ धरले तर पाच दिवसांत बसतंय. दक्षिण टोकाच्या ब्रुकिंग्जहून सुरू करून वर उत्तरेला ॲस्टोरियाला संपवायचं असं ठरवलंय, म्हणजे शेवटी दमलेले असताना पोर्टलंडकडचं घर जवळ राहील. बँक्स-वर्नोनिया ट्रेल आम्ही तिघं जाऊन-येऊन एका दिवसात करतो, ४२ मैल होतात, मुलगी माझ्या पुढं असते.

दोन प्रश्न आहेत. एक म्हणजे ऑगस्टचे सगळे स्टेट पार्कचे कॅम्प आत्ताच फुल दाखवतायत, मग मोटेलच बघायची का? आणि दुसरं, किनाऱ्याच्या १०१ नंबरच्या हमरस्त्यावर बोगदे आहेत म्हणतात त्याची बायकोला फार धास्ती आहे. कुणी केलंय का हे?

अ.

*

प्रेषक: मे., बीव्हरटन

अरे, आधी तो नकाशा उलटा धर! ब्रुकिंग्जहून वर येऊ नका. अगदी कळकळीनं सांगतेय कारण पहिल्या वेळी आम्ही नेमकं हेच केलं होतं, घर जवळ राहील म्हणून, आणि दोन दिवसांत कसेबसे पोर्ट ऑर्फर्डपर्यंत पोचलो आणि तिथून फोन करून गाडी मागवली. चढांनी नाही दमवलं, वाऱ्यानं दमवलं.

उन्हाळ्यात बाहेर समुद्रावर हवेचा दाब जास्त असतो आणि इकडे आत आपली व्हॅली तापते, त्यामुळे वारा वायव्येकडून येतो आणि किनारा धरून खाली दक्षिणेला वाहतो. सकाळी आठला बघशील तर पान हलत नाही, अकरा-बाराला सुरू होतो आणि दुपारी तीनला असा जोर धरतो की वर येणाऱ्याला सपाट रस्त्यावर घाट चढल्यासारखं वाटतं. खाली जाणाऱ्याच्या मात्र तोच वारा पाठीशी. दुसऱ्या वर्षी आम्ही ॲस्टोरियाहून निघालो आणि मला पहिले दोन दिवस खरंच वाटेना की हाच तो रस्ता. आणखी एक फायदा, खाली जाताना समुद्र तुमच्या बाजूला असतो, जिथं थांबावंसं वाटेल तिथं रस्ता न ओलांडता सरळ उजवीकडं वळायचं, पोरगी बरोबर आहे तर हे फार महत्त्वाचं.

पाच दिवस डोक्यातून काढून टाक. बँक्स-वर्नोनिया ही जुनी रेल्वेलाइन, रेल्वेला चढ झेपत नाही म्हणून तो रस्ता इतका सौम्य आहे. इथं सगळे चढ मिळून सोळा हजार फुटांच्या आसपास जातात आणि तेही सायकलवर तंबू, भांडी, कपडे लादून. आठ दिवस तरी घ्या, नऊ मिळाले तर सोनं. आमचे मुक्काम असे होते: फोर्ट स्टीव्हन्स, नेहेलम बे, केप लुकआउट, बेव्हर्ली बीच, फ्लोरेन्सच्या खाली हनीमन, सनसेट बे, हंबग माउंटन आणि शेवटी हॅरिस बीच. यातले सुरुवातीचे दोन टप्पे चाळिसेक मैलांचे, पुढचे पन्नास ते साठ. म्हणजे पायांना सवय व्हायला वेळ मिळतो.

आणि कॅम्पचं काही टेन्शन घेऊ नको! फुल दाखवतायत ते गाड्यांचे आणि आरव्हीचे, म्हणजे आत राहायची सोय असलेल्या मोठ्या गाड्यांचे. किनाऱ्यावरच्या बऱ्याच स्टेट पार्कमध्ये पायी आणि सायकलनं येणाऱ्यांसाठी वेगळी जागा राखलेली असते, हायकर-बायकर कॅम्प म्हणतात, तिला रिझर्वेशनच नाही, जो येईल त्याला माणशी थोडे डॉलर घेऊन जागा. गरम पाण्याची आंघोळ त्यातच. संध्याकाळी तिथं वीस-पंचवीस सायकलवाले जमतात, कुणी कॅनडाहून आलेलं, कुणी थेट मेक्सिकोपर्यंत निघालेलं, तुझ्या मुलीला ते फार आवडेल बघ.

रस्त्याचं म्हणशील तर १०१ धरूनच बसू नका. टिलामूकनंतर हमरस्ता आत जातो, तिथं समुद्राकडचा थ्री केप्सचा रस्ता घ्या. केप लुकआउटच्या कॅम्पमधून निघालात की लगेच मोठा चढ आहे, पाय गरम व्हायच्या आत, पण पलीकडं उतरलात की एकदम वाळूच्या टेकड्या लागतात. नेस्कोविनला स्लॅब क्रीकचा जुना रस्ता, दहा मैल नुसतं जंगल, शेवाळ, ओढ्याचा आवाज, अर्ध्या तासात एखादी गाडी. आणि डेपो बेच्या खाली ऑटर क्रेस्ट लूप सोडला तर मी तुझ्याशी बोलणार नाही. तिथं गाड्यांना एकाच दिशेनं जाता येतं, बाकीचा रस्ता सायकलचा, खाली पाचशे फुटांवर समुद्र. त्या कड्याचं नाव केप फाउलवेदर, १७७८ साली कॅप्टन कुक इथं आला तेव्हा हवा इतकी खराब होती की त्यानं हेच नाव ठेवलं. आम्हाला लख्ख ऊन मिळालं आणि खाली करड्या देवमाशाचे फवारे दिसले, दोन. उन्हाळाभर ते तिथं खायला थांबतात.

मे.

*

प्रेषक: लेक ऑस्विगोचे काका

चि. अ. आणि मंडळी,

मी सायकल चालवली नाही, पण मुलगा-सून गेले तेव्हा मागून व्हॅन घेऊन मी आणि काकू होतो, त्यामुळे मला पुलांबद्दल सांगायचंय. मे.नं वाऱ्याचं लिहिलं ते बरोबरच पण तो वारा पुलावर आडवा लागतो. न्यूपोर्टचा याक्विना बेचा पूल दिसायला इतका देखणा आहे, मधली ती हिरवी कमान, पण अरुंद, शोल्डर म्हणजे कडेची मोकळी पट्टी नाही, आणि लाकडाचे ओंडके भरलेला ट्रक शेजारून गेला की सामान लादलेली सायकल आधी आत ओढली जाते आणि मग बाहेर ढकलली जाते. तिथं फुटपाथवरून सायकल हातात धरून चालत जा. तीच गोष्ट कूस बेच्या पुलाची, तो मैलभर लांब आहे. दहा-वीस मिनिटं जातील, जाऊ देत.

हे पूल माझ्या विशेष जिव्हाळ्याचे. न्यूपोर्ट, वॉल्डपोर्ट, फ्लोरेन्स, रीड्सपोर्ट आणि कूस बे, पाचही कॉन्डे मॅकलो या एकाच इंजिनियरचे, पाचही १९३६ मध्ये पुरे झाले. त्याआधी प्रत्येक खाडीवर फेरीबोटीसाठी थांबायला लागायचं. मी गुहागरकडचा, तवसाळला जयगडच्या तरीची वाट बघत लहानपणी तासन्‌तास बसलेला माणूस, त्यामुळे ते दृश्य मला लगेच डोळ्यांसमोर येतं. वॉल्डपोर्टचा जुना पूल मी इथं आलो त्याच सुमारास पाडला, १९९१ मध्ये, खाऱ्या हवेनं आतलं लोखंड खाल्लं होतं. आता तिथं आहे तो नवा.

आणखी एक, मुलीला नक्की सांगा. या सबंध किनाऱ्यावर कुठंही कुणाच्या मालकीचं कुंपण वाळूवर दिसणार नाही. १९१३ मध्ये गव्हर्नर ओस्वाल्ड वेस्ट यांनी ओली वाळू सरकारी हमरस्ता म्हणून कायद्यात घालून घेतली आणि १९६७ च्या कायद्यानं वरची कोरडी वाळूसुद्धा सगळ्यांसाठी मोकळी झाली. १९७१ मध्ये इथल्या विधिमंडळानं ठरवलं की रस्त्यांच्या पैशातला किमान एक टक्का सायकल आणि पायी चालणाऱ्यांसाठी खर्च व्हायलाच हवा. आज तुम्हाला १०१ च्या कडेला जो काही शोल्डर मिळतो त्यामागं हे आहे. कुणीतरी वेळेवर भांडलं म्हणून हे आपल्याला मिळालं.

कुणी गाडी घेऊन बरोबर येणार असेल तर सायकलींच्या मागं हळूहळू चालवू नका, त्यानं मागचे ड्रायव्हर वैतागून धोकादायक ओव्हरटेक करतात. दहा-बारा मैल पुढं जाऊन थांबायचं, चहा करून ठेवायचा.

काका

*

प्रेषक: अ., हिल्सबरो

ताई, काका, काय बोलू. काल रात्री तुमच्या मेल मोठ्यानं वाचल्या घरी. नकाशा उलटा केला, आता ॲस्टोरियाहून. मुलगी म्हणाली नऊ दिवस, तर नऊ दिवस, मी आणखी सुट्टी मागून घेतली. बायकोचा बोगद्याचा प्रश्न मात्र तसाच आहे, आणि तिनं त्यात खाण्याचा प्रश्न वाढवलाय, आम्ही तिघंही शाकाहारी.

अ.

*

प्रेषक: मे., बीव्हरटन

वहिनींना सांग, बोगदे दोनच आहेत आणि दोन्हींच्या तोंडाशी सायकलवाल्यांसाठी बटण आहे. ते दाबलं की पाटीवरचे पिवळे दिवे लुकलुकायला लागतात, बोगद्यात सायकल आहे हे मागून येणाऱ्या गाड्यांना कळतं. पहिला आर्च केपचा, कॅनन बीचच्या खाली, तो लांब आहे, बाराशे फुटांच्या वर. दुसरा हेसेटा हेडच्या दीपगृहाजवळचा, आखूड. मी काय करते, बटण दाबायचं, मागं बघायचं, गाड्यांचा एक घोळका पूर्ण जाऊ द्यायचा, मग परत बटण दाबून निघायचं. मागचा लाल दिवा दिवसासुद्धा चालू आणि अंगात तो भडक पोपटी जॅकेट. मुलीला मध्ये ठेवा, तू शेवटी. मी पहिल्यांदा गेले तेव्हा छाती धडधडत होती हे खरंय, आत आवाज फार घुमतो, एक साधी कारसुद्धा ट्रकसारखी वाटते. पण हेसेटाच्या बोगद्यातून बाहेर पडून थोडं वर चढून थांबलात आणि वळून मागं बघितलंत की ते पांढरं दीपगृह, खाली फेस, आणि ते इतकं सुंदर दिसतं की मी तिथं चक्क रडले होते.

खाण्याचं सोपं आहे. मी दडपे पोह्यांची तयारी नेते, पातळ पोहे, सुकं खोबरं, मेतकूट, फोडणी घरूनच करून बाटलीत, कांदा आणि लिंबू वाटेत घ्यायचं, चूल पेटवायलाच नको. संध्याकाळी मुगाची खिचडी. गुळाची चिक्की खिशात, चढाच्या आधी एक तुकडा. फक्त रात्री यातलं काही तंबूत किंवा सायकलच्या पिशवीत ठेवू नका, रॅकून येतात, चेन उघडतात, आमची अख्खी चिक्की नेहेलमला गेली. कॅम्पवर लॉकर असले तर त्यात ठेवा.

कपड्यांचं एक. पोर्टलंडला पंच्याण्णव फॅरनहाइट असेल तेव्हा तिकडं साठ-पासष्ट आणि सकाळी धुकं, म्हणून लोकरी टोपी आणि पावसाचं जॅकेट ऑगस्टमध्येही घ्या.

आणि मागच्या चाकाचे दोन-तीन जादा स्पोक त्याच लांबीचे घेऊन ठेव. सगळं वजन मागच्या चाकावर येतं आणि खाली बँडनच्या पुढं सायकलची दुकानं विरळ होत जातात. माझा स्पोक गोल्ड बीचच्या अलीकडं गेला, ब्रेक सैल करून ते वाकडं चाक तसंच चालवत आले.

मे.

*

प्रेषक: लेक ऑस्विगोचे काका

ब्रुकिंग्जहून परत कसं येणार ते कुणी लिहिलंच नाही. चार सायकली घेऊन बस बदलत येणं कठीण आहे. नवव्या दिवशी मी आणि काकू व्हॅन घेऊन हॅरिस बीचला येतो, चार सायकलींचा रॅक माझ्याकडं आहे. नाही म्हणू नको, काकूंनी डब्याचं ठरवूनसुद्धा टाकलंय.

काका

*

प्रेषक: अ., हिल्सबरो

काका, नाही म्हणतच नाही. आम्ही चौघंही तुम्हा दोघांची वाट बघू.

ताई, तुमच्याकडं पॅनियरची, म्हणजे सायकलला अडकवायच्या पिशव्यांची, जादा जोडी आहे असं मागं म्हणाला होतात ती नऊ दिवसांसाठी मिळेल का? मुलीच्या सायकलला बसते का ते आधी बघायला हवं. रविवारी सायकलच घेऊन येतो आम्ही, सकाळी आलेलं चालेल की जेवण झाल्यावर?

अ.