मदत हवी आहे : वायरलेस नेट, स्पीड फुल पण टॅली लटकतं

फॅब्रिकेटर_शिरवळ
नमस्कार मंडळी. शिरवळला आमचं फॅब्रिकेशनचं युनिट आहे, फायबर आमच्या रस्त्यापर्यंत येतच नाही म्हणून वायरलेस घेतलंय. स्पीडटेस्टला 50 एमबीपीएस फुल दाखवतं पण क्लाउडवरचं टॅली (हिशोबाचं सॉफ्टवेअर) मधेच लटकतं, रिमोट डेस्कटॉप बाहेर फेकतो, पार्टीशी व्हिडिओ कॉल चालू असला की नेमकं तेव्हाच चित्र गोठतं. प्रोव्हायडरला फोन केला की एकच टेप, सर इकडून ओके आहे. ऑडिटची गडबड चालू आहे, लवकर सांगा.

राउटरबाबा
वायरलेस म्हणजे नक्की काय? छपरावर डिश की सिमवाला डबा?

कोथरूडचा_बंड्या
सरळ एअरफायबर (मोबाइल टॉवरवरून घरात येणारं नेट) घेऊन टाका. 2023 च्या गणपतीत जिओचं सुरू झालं, आमच्याकडे मस्त चाललंय.

राउटरबाबा
बंड्या, घर वेगळं कंपनी वेगळी. ते 5जी वर चालतं, त्याच टॉवरवर आख्ख्या गावाचे मोबाइल. घरगुती प्लॅनला बहुतेक वेळा स्वतःचा पब्लिक आयपी (बाहेरून थेट गाठता येणारा नेटवरचा पत्ता) पण नसतो, मग बाहेरून कॅमेरे बघायचे तर बोंब.

फॅब्रिकेटर_शिरवळ
अहो कॅमेऱ्याचं कुठे विचारलं मी. डिश आहे, शेडच्या पत्र्यावर पाइपला.

सीए_ताई
बिल कंपनीच्या जीएसटी नंबरवर घेताय ना? 18 टक्के लागतो, इनपुट क्रेडिट मिळतं म्हणजे तो टॅक्स तुमच्या जीएसटीतून वळता होतो, बरेच जण सोडून देतात.

घाटमाथा
पाऊस. दुसरं काही नाही. आमचा डिश टीव्हीपण जातो.

राउटरबाबा
टीव्हीची डिश 11-12 गिगाहर्ट्झवर, हे 5 वर. दोन-चार किलोमीटरला 5 ला पावसाने काही होत नाही, 60 गिगाहर्ट्झची लिंक असेल तर मात्र जोराच्या सरीत झोपते.

घाटमाथा
पुस्तकी. आमच्याकडे दर जुलैत रडतं.

राउटरबाबा
मग कनेक्टरमध्ये पाणी जात असेल नाहीतर समोर झाडं वाढली असतील, ओली पानं सिग्नल खातात.

टॉवरवाले_नाना
भांडू नका रे. शिरवळकर, टेस्ट कधी घेता, तुटतं कधी, बेस (प्रोव्हायडरचा टॉवर) किती लांब आहे?

फॅब्रिकेटर_शिरवळ
बेस तीनेक किमी, टेकडीवर. टेस्ट रात्री निघताना घेतो. तुटतं दिवसा, रविवारी एकदम मक्खन.

टॉवरवाले_नाना
हे आधी सांगायचं ना राव. मग दोन शक्यता. एक, बेसवरचा एक सेक्टर अँटेना तुमच्यासारख्या बऱ्याच कंपन्यांना वाटून दिलेला असतो, दिवसा सगळे तुटून पडतात. 1:1 (पूर्ण स्पीड फक्त तुमचा) लिहून दिलंय की शेअर्ड आहे ते ॲग्रीमेंटमध्ये बघा, शेअर्ड असेल तर 50 हा फक्त कमाल आकडा. दुसरं, मधे काहीतरी येतंय. नुसता टॉवर दिसून भागत नाही, तीन किमीच्या लिंकला लहरी जायला मध्यावर साधारण 6 मीटर त्रिज्येचा पट्टा लागतो, तुमच्या टोकाला कमी, आणि त्यातला निदान 60 टक्के मोकळा पाहिजे. प्रोव्हायडरकडून रेडिओचा सिग्नल लॉग मागा, दिवसा डीबीएम (सिग्नलची ताकद) पडत असेल तर अडथळा, सिग्नल स्थिर आणि तरी पिंग (उत्तर यायला लागणारा वेळ) वर-खाली तर गर्दी.

राउटरबाबा
किंवा इंटरफेरन्स. 2018 ला 5 गिगाहर्ट्झ लायसन्समुक्त झाल्यापासून कोणीही उठतो आणि रेडिओ लावतो.

फॅब्रिकेटर_शिरवळ
समोरच्या प्लॉटवर कंटेनरचं यार्ड झालंय. दिवसभर क्रेन फिरते. ती धरायची का?

टॉवरवाले_नाना
😀 धरायची का म्हणजे काय!

कोथरूडचा_बंड्या
म्हणून म्हणतो एअरफायबर

फॅब्रिकेटर_शिरवळ
लॉग आला. सकाळी क्रेन सुरू झाली की सिग्नल -62 वरून -79, म्हणजे चांगलाच पडतो. आता प्रोव्हायडर म्हणतोय पाइप दहा फूट वाढवू पण फॅब्रिकेशनचा खर्च तुमचा, आणि कोटेशन पाठवलंय.

राउटरबाबा
फॅब्रिकेशनचं कोटेशन? तुम्हाला?

टॉवरवाले_नाना
पाइप स्वतः करा, गाय वायर (पाइप ताणून धरणाऱ्या तारा) तीन बाजूंनी द्या नाहीतर वाऱ्याने हलून डिशची अलाइनमेंट जाईल. आणि अर्थिंग वेगळं घ्या, पत्र्याला टेकवून मोकळे होऊ नका.

सीए_ताई
पाइपचं मटेरियल पण जीएसटी बिलानेच घ्या.