पुडीतले स्टेरॉइड बंद झाल्यावर आईचे कॉर्टिसोल खालावले आहे : मानसिक ताणासाठीही जादा मात्रा लागते का? (मदत हवी आहे)

नमस्कार. माझी आई ६६ वर्षांची असून सांगली जिल्ह्यातील आमच्या गावी थोरल्या भावाकडे राहते. मी नोकरीनिमित्त पुण्यात असतो. गुडघेदुखीसाठी ती काही वर्षे आठवडी बाजारात बसणाऱ्या एका औषधवाल्याकडून पुड्या आणत असे. वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेली तपकिरी पूड, त्यावर ना नाव ना घटक, आणि गुण मात्र असा की दुसऱ्याच दिवशी आई जिना चढू लागे. पुढे तिचा चेहरा गोल दिसू लागला, साखर वाढली आणि बांगडी जरा घासली तरी मनगटावर काळेनिळे डाग पडू लागले. पण गुडघे दुखत नव्हते, त्यामुळे या साऱ्याचा संबंध पुडीशी कोणी जोडला नाही.

उन्हाळ्यात तो औषधवाला येईनासा झाला. त्यानंतर थोड्याच काळात आईची अन्नावरची वासना गेली, मळमळ सुरू झाली आणि उठून उभे राहिले की डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली. मिरजेत दाखल केले तेव्हा रक्तदाब ९०/६० आणि सोडियम १२४ होते. तेथील डॉक्टरांनी तिच्या तळहाताच्या रेषा आणि हिरड्या काळवंडल्या आहेत का हे बारकाईने पाहिले, तशा त्या नव्हत्या. मग सकाळी आठ वाजताचे कॉर्टिसोल (शरीर स्वतः तयार करते ते स्टेरॉइड संप्रेरक) तपासले, ते १.८ मायक्रोग्रॅम प्रति डेसीलिटर इतकेच आले. पुडीत स्टेरॉइड असावे, ते एकाएकी थांबल्यामुळे हे झाले, असे निदान करून त्यांनी हायड्रोकॉर्टिसोनची (म्हणजे औषधरूपातल्या कॉर्टिसोलची) १० मिलिग्रॅमची गोळी सकाळी आणि ५ मिलिग्रॅम दुपारी सुरू केली. त्या गोळीने आई चार दिवसांत उठून बसली. घरी पाठवताना ‘ताण आला तर गोळी वाढवा, ही गोळी स्वतःहून कधीही बंद करू नका’ एवढे सांगितले गेले.

माझी अडचण या ‘ताण’ शब्दाचा घरात जो अर्थ लावला गेला आहे त्यातून उभी राहिली आहे. आईला मनाला लागेल असे काहीही कळू द्यायचे नाही, असा दंडकच मामांनी घातला आहे. माझी मावशी गंभीर आजारी असून तिचे फार दिवस राहिलेले नाहीत. दोघी बहिणींचा रोज फोन होत असे, आता तो बंद करून ‘मावशीच्या फोनला रेंज नाही’ असे सांगितले जाते. दुसरीकडे मागच्या महिन्यात आईला जुलाब लागले तेव्हा मात्र ‘पोट बिघडले आहे, गोळ्या उष्ण पडतील’ म्हणून दोन वेळा हायड्रोकॉर्टिसोन दिलेच नाही. नशिबाने निभावले. मला पुढील गोष्टी नीट समजून घ्यायच्या आहेत : बाहेरून घेतलेल्या स्टेरॉइडमुळे शरीराचे स्वतःचे कॉर्टिसोल बंद कसे पडते, जादा मात्रा नेमकी कोणत्या ताणासाठी लागते, मावशीची बातमी सांगितल्याने आईच्या जिवाला खरोखर धोका आहे का, आणि ही गोळी कधी तरी सुटेल का. एकादशीच्या उपवासाबद्दलही कोणी सांगितले तर बरे होईल.

प्रतिसाद १

मी फिजिशियन आहे. तुमच्या आईंना तपासलेले नसल्यामुळे मात्रेचे आकडे अंतिमतः त्यांच्या डॉक्टरांकडूनच घ्यावेत. तुमच्या प्रश्नांमागचे शरीरशास्त्र मात्र सविस्तर लिहितो, कारण ते समजले की घरातला अर्धा गोंधळ आपोआप मिटेल.

मेंदूतील हायपोथॅलॅमस हा भाग सीआरएच नावाचे संप्रेरक सोडतो, त्यामुळे मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी एसीटीएच हे दुसरे संप्रेरक सोडते आणि एसीटीएचच्या आज्ञेवरून मूत्रपिंडांवर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींचे बाह्य आवरण कॉर्टिसोल तयार करते. रक्तात कॉर्टिसोल पुरेसे झाले की वरच्या दोन्ही ठिकाणांचे काम मंदावते. निरोगी माणसात हे उत्पादन दिवसाला साधारण १० मिलिग्रॅम असते, ते पहाटेपासून चढून सकाळी सर्वाधिक आणि मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी असते; मोठ्या शस्त्रक्रियेच्या किंवा गंभीर जंतुसंसर्गाच्या वेळी हेच शरीर दिवसाला १०० मिलिग्रॅमच्या आसपास कॉर्टिसोल बनवू शकते. ताणाचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ हान्स सेल्ये यांनी १९३६ साली अगदी वेगवेगळ्या स्वरूपाच्या इजांना शरीर एकाच साच्याचा प्रतिसाद देते असे मांडले, तेव्हा त्यांच्या समोर होते ते थंडी, जखम, विषारी द्रव्ये यांना सामोरे गेलेले उंदीर. ताण या शब्दाला आज आपण जो प्रामुख्याने मानसिक अर्थ देतो, तो नंतरचा.

आता पुडीकडे वळू. अशा पुड्यांमध्ये डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन ही स्टेरॉइडे सापडल्याचे अनेकदा आढळले आहे. प्रेडनिसोलोनचे ५ मिलिग्रॅम हे हायड्रोकॉर्टिसोनच्या २० मिलिग्रॅमइतके काम करतात आणि डेक्सामेथासोनचे तेवढे काम सुमारे पाऊण मिलिग्रॅमच करते; शिवाय त्याचा परिणाम दीड-दोन दिवस टिकतो. ही औषधे पेशीत शिरून तेथील ग्राहक प्रथिनाला (रिसेप्टरला) चिकटतात, ती जोडी केंद्रकात जाते आणि दाह निर्माण करणारी प्रथिने बनवणाऱ्या जनुकांना आवर घालते. त्यामुळे सूज आणि वेदना खरोखरच कमी होतात, म्हणून ‘पुडीने गुण येत होता’ हे तुमच्या घरच्यांचे म्हणणे खोटे नाही. परंतु तोच रेणू यकृताला साखर तयार करायला लावतो, स्नायू, त्वचा व हाडे झिजवतो आणि मेंदूला सांगतो की कॉर्टिसोल भरपूर आहे. वर्षानुवर्षे एसीटीएचची आज्ञा न मिळाल्याने अधिवृक्क ग्रंथींचा तो थर आक्रसून जातो. पुडी थांबली त्या दिवशी शरीराकडे ना बाहेरचे स्टेरॉइड उरले ना स्वतःचे.

रक्तदाब का घसरला, हेही सांगतो. ॲड्रेनॅलिन काही क्षणांत काम करते, तर कॉर्टिसोलचे बहुतेक काम जनुकांमार्फत होत असल्यामुळे त्याला तास लागतात. पण रक्तवाहिन्यांनी ॲड्रेनॅलिनला दाद द्यावी यासाठी कॉर्टिसोल आधीपासून हजर असावे लागते. ते नसेल तर उलट्या, जुलाब किंवा ताप यांत पाणी थोडे कमी झाले तरी रक्तवाहिन्या आकुंचन पावत नाहीत आणि रुग्ण कोसळतो. डॉक्टरांनी हिरड्या पाहिल्या त्या ॲडिसनचा आजार नाही ना याची खात्री करण्यासाठी. त्यात अधिवृक्क ग्रंथी स्वतःच नष्ट होतात, आपल्याकडे त्याला क्षयरोग हे एक जुने कारण आहे. मग एसीटीएच खूप वाढते व कातडी काळवंडते. तुमच्या आईंचा दोष वरच्या आज्ञेचा आहे, त्यामुळे मिठाचा समतोल राखणारे अल्डोस्टेरॉन बहुधा शाबूत असेल.

जादा मात्रा लागते ती १०० अंशांच्या वर ताप, जंतुसंसर्ग, उलट्या-जुलाब, हाड मोडणे, अपघात आणि शस्त्रक्रिया यांच्यासाठी. तापात सर्वसाधारणपणे रोजची मात्रा दुप्पट करून ताप उतरेपर्यंत, म्हणजे बहुधा दोन-तीन दिवस, देतात. गोळी घेतल्यावर अर्ध्या तासात उलटी झाली तर पुन्हा द्यावी. तीही टिकली नाही तर घरी थांबू नये, हायड्रोकॉर्टिसोनचे १०० मिलिग्रॅम इंजेक्शन आणि सलाईन लागते. जुलाबात गोळी चुकवणे हे तुमच्या घरात घडलेले सर्वांत धोक्याचे कृत्य होते, आणि ‘उष्ण पडेल’ हा समज मी रोज ऐकतो.

रोजची काळजी, भांडण, मुलाची परीक्षा यांसाठी मात्रा वाढवत नाहीत. तशी वाढवत गेल्यास पुडीचेच दुष्परिणाम गोळीने परत येतील. अगदी जवळच्या माणसाचा मृत्यू हा अपवाद ठरू शकतो : अशा वेळी काही डॉक्टर एक-दोन दिवसांसाठी मात्रा वाढवतात, आणि ते आधी विचारून ठेवता येते. दुःखाच्या दिवसांत माणूस जेवत नाही, झोपत नाही आणि गोळी विसरतो. खरा धोका बातमीपेक्षा त्यातच असतो. दोघी बहिणींचा फोन तोडण्याला वैद्यकीय आधार मला तरी दिसत नाही. मामांना माझे एवढे मत जरूर सांगावे.

प्रतिसाद २

माझ्या पत्नीला ॲडिसनचा आजार आहे, म्हणून व्यवहारातल्या दोन गोष्टी सांगतो. ‘स्टेरॉइडवर अवलंबून, आणीबाणीत हायड्रोकॉर्टिसोन १०० मिलिग्रॅम द्यावे’ असे डॉक्टरांच्या सहीशिक्क्याचे पत्र मराठीत व इंग्रजीत करून घ्या, एक प्रत पर्समध्ये आणि एक देव्हाऱ्याजवळ ठेवा. गावात रात्री मेडिकल उघडे नसते, तेव्हा इंजेक्शनची कुपी, सिरिंज आणि ते देऊ शकणारा शेजारचा माणूस ही तजवीज आधीच हवी. आमच्याकडे हे काम आशाताईंनी ओळख करून दिलेल्या परिचारिका करतात. उरलेली पुडी घरात असल्यास फेकू नका, ती अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रारीसोबत देता येते.

प्रतिसाद ३ (धागाकर्ता)

दोघांचेही मनापासून आभार. पहिला प्रतिसाद भावाला आणि मामांना वाचून दाखवला. मामांचे अजून पूर्ण पटलेले नाही, पण आईला मावशीकडे नेण्यास ते तयार झाले आहेत. प्रवासात गोळ्या आईच्या हातात न देता भाऊ स्वतःजवळ ठेवणार आहे. आईचे अंग सध्या सगळीकडे दुखते, त्यामुळे शेजारणी तिला नव्या पुडीवाल्याचा पत्ता देत आहेत. हे दुखणे गुडघ्यांचेच का? शिवाय गोळी सुटण्याचा आणि उपवासाचा प्रश्न राहिला.

प्रतिसाद ४ (प्रतिसाद १ लिहिणारे)

दीर्घकाळ घेतलेले स्टेरॉइड उतरवताना सर्वांग दुखणे, मरगळ आणि उदासी येते. कॉर्टिसोल कमी असताना तर येतेच, पण पातळी ठीक असतानाही काहींना येते, आणि हळूहळू ओसरते. अशा वेळी पुडी पुन्हा घेतली तर दोन दिवसांत बरे वाटेल आणि ग्रंथी पुन्हा झोपतील, हे शेजारणींनाही सांगावे लागेल. गुडघ्यांची झीज वेगळी आहे, तिच्यासाठी मांडीच्या स्नायूंचे व्यायाम, पॅरासिटामॉल आणि पुढे गरज पडल्यास सांधा बदलणे हे मार्ग खुले आहेत. त्या शस्त्रक्रियेच्या वेळी भूलतज्ज्ञांना हा इतिहास आधी सांगितला की ते शिरेतून हायड्रोकॉर्टिसोन देतात. हाडांची घनता एकदा मोजून घ्यावी.

गोळी बहुतेकांची सुटते, परंतु काही महिने ते वर्ष, कधी त्याहून अधिक काळ लागतो. आधी पिट्युटरी जागी होते, अधिवृक्क ग्रंथी तिच्या मागून येतात. सकाळचे कॉर्टिसोल १० मायक्रोग्रॅमच्या वर गेले तर ग्रंथी सावरल्या असे मानून डॉक्टर गोळी उतरवतात, ५ च्या खाली असेल तर गोळी चालू ठेवून काही महिन्यांनी पुन्हा तपासतात आणि मधल्या आकड्यांसाठी एसीटीएच देऊन ग्रंथी किती दाद देते ते पाहतात. तोवर निर्जळी उपवास नको, कारण कॉर्टिसोल अपुरे असताना पाणी आणि साखर दोन्ही घसरतात. फराळ करून, पाणी पिऊन आणि गोळ्या वेळेवर घेऊन एकादशी करायला माझी हरकत नाही. साखरेच्या गोळ्या चालू असतील तर मात्र आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारा. पुढच्या वेळी कॉर्टिसोल तपासायला नेताना आदल्या दिवशीची दुपारची आणि त्या दिवशी सकाळची गोळी कधी घ्यायची हे डॉक्टरांना विचारून घ्या. हायड्रोकॉर्टिसोन हे स्वतःच कॉर्टिसोल असल्यामुळे गोळी घेऊन दिलेल्या रक्तात आकडा फसवा येतो. रक्त दिल्याबरोबर प्रयोगशाळेतच गोळी घ्यावी, ती सोबत न्यायला विसरू नका.