जुना मध्यम ट्रॅक्टर घ्यायचा तर कोणता? बी-२७५, मॅसी, फोर्ड की झेटर

कडोलीकर (मूळ मांडणी)

बेळगाव, चिकोडी आणि खानापूर तालुक्यांत आजही अनेकांच्या पडवीत ३५ अश्वशक्तीच्या आसपासचे जुने ट्रॅक्टर उभे आहेत, आणि गळीत हंगाम जवळ आला की त्यांची खरेदी-विक्री सुरू होते. नवा ट्रॅक्टर ज्याच्या आवाक्यात नाही त्याला यांतलाच एखादा घेऊन, इंजिन उघडून, पुन्हा कामाला लावावा लागतो. हा खर्च कोणत्या यंत्रावर करावा, याची चर्चा आपल्याकडे बहुधा रंगावर आणि घराण्याच्या सवयीवर होते. ती यंत्राच्या रचनेवर व्हावी, म्हणून हा धागा काढत आहे.

माझे मत स्पष्ट आहे. काळ्या जमिनीची नांगरट आणि उसाची ट्रॉली ही दोन्ही कामे ज्याला करायची आहेत त्याने इंटरनॅशनल बी-२७५ घ्यावा. हा ट्रॅक्टर इंग्लंडमध्ये १९५८ साली आला. आपल्याकडे महिंद्र, इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांनी मिळून १९६३ साली स्थापन केलेल्या कंपनीने तो कांदिवलीत बनवायला घेतला आणि १९७७ साली ती कंपनी महिंद्रमध्ये विलीन झाल्यावरही २७५ हा आकडा पुढच्या मॉडेलांवर टिकून राहिला.

चार सिलिंडर, सुमारे २.३६ लीटरचे इंजिन आणि पुढचे आठ गिअर, एवढे सर्वांना ठाऊक असते. त्याचे खरे बळ मात्र मागच्या पेटीत, म्हणजे मागच्या ॲक्सलच्या गिअरच्या घरात आहे. बी-२७५ मध्ये वेग कमी करण्याचा शेवटचा टप्पा क्राऊन-पिनियनच्या (गिअरबॉक्सची फेर आडवी वळवून चाकांकडे नेणाऱ्या गिअरजोडीच्या) पुढे, बुल गिअरवर, म्हणजे ॲक्सलच्या मोठ्या दातेरी चाकावर होतो. त्यामुळे चाकाला मिळणारा पूर्ण जोर क्राऊनला सोसावा लागत नाही. मॅसी फर्ग्युसन ३५, म्हणजे आपला मॅसी, यात हा टप्पा नाही. तिथे गती आधीच गिअरबॉक्समध्ये उतरवलेली असते आणि सगळा ताण क्राऊन-पिनियनमधून थेट ॲक्सलवर जातो. भरलेली ट्रॉली ओल्या सरीतून बाहेर काढताना नेमका हाच ताण वाढतो. शिवाय बी-२७५ चे डिस्क ब्रेक वर, बुल गिअरला फिरवणाऱ्या पिनियनच्या शाफ्टवर बसवलेले आहेत. मॅसीचे ड्रम ब्रेक चाकाजवळ असतात आणि ॲक्सलचे सील गळू लागले की आतले तेल ब्रेकच्या पट्ट्यांवर येते.

खानापूरचा भातवाला

कडोलीकर साहेब, आपण मागच्या पेटीचे वर्णन अचूक केले आहे. मात्र आपण सगळा जिल्हा काळ्या जमिनीचा धरून चालला आहात. खानापूर तालुक्यात तांबडी माती, डोंगरउताराची लहान लहान वाफे-खाचरे आणि जोराचा पाऊस आहे. तिथे चिखलणीला उतरणाऱ्या यंत्राचे जास्तीचे वजन हा गुण राहत नाही. बी-२७५ जड आहे. तो एकदा खाचरात बसला की त्याला काढायला दुसरा ट्रॅक्टर बोलवावा लागतो. मॅसी हलका आहे, बुटका आहे आणि लोखंडी पिंजऱ्याची चाके लावली की बांधाच्या कोपऱ्यात सहज वळतो.

आता मुख्य मुद्दा. मॅसीचा आत्मा त्याच्या लिफ्टमध्ये आहे. हॅरी फर्ग्युसन यांनी जी पद्धत रूढ केली तिच्यात नांगराचा वरचा दांडा केवळ आधाराचा नसतो, तो जमिनीची खबर आत पोहोचवतो. फाळ कठीण थरात गेला की वरचा दांडा पुढे दाबला जातो, त्याच्या मुळाशी असलेली स्प्रिंग आवळते, वॉल्व्ह उघडतो आणि नांगर बोटभर वर उचलला जातो. नांगराचे वजन आणि जमिनीची ओढ त्याच क्षणी मागच्या चाकांवर येते, म्हणून हलका ट्रॅक्टरही घसरत नाही. जांभ्या दगडाचे थर अधूनमधून लागणाऱ्या आमच्या शेतात चालकाचा हात सतत लिव्हरवर राहण्याची गरज त्यामुळे उरत नाही. चाकावर लोखंड टांगून ओढ मिळवण्यापेक्षा हा मार्ग मला अधिक शहाणपणाचा वाटतो.

डबल क्लचचाही विचार करावा. पेडल अर्धे दाबले तर चाके थांबतात पण पीटीओ, म्हणजे मागे जोडलेल्या यंत्राला फिरवणारा शाफ्ट, फिरत राहतो, आणि मळणी यंत्र किंवा रोटर गच्च भरला असताना ही सोय किती मोलाची आहे हे वापरणाऱ्यालाच कळते.

निपाणीकर

दोन्ही पक्षांनी फोर्डला बाजूला ठेवले, हे मला पटले नाही. फरिदाबादला एस्कॉर्ट्सने १९७१ पासून फोर्ड ३००० बनवला आणि पुढे ३६०० आणला. तीन सिलिंडर आणि जवळजवळ २.८७ लीटरचे इंजिन. आमच्याकडे लोक म्हणतात की मॅसीच्या पर्किन्स कंपनीच्या इंजिनाचा स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) लांब, म्हणजे १२७ मिलिमीटर आहे, म्हणून तो कमी फेऱ्यांवरही ओढतो. हा समज तपासून पाहिला पाहिजे. ओढ ही मुख्यतः किती हवा आणि किती डिझेल सिलिंडरात जळते यावर ठरते; केवळ स्ट्रोक लांब असल्याने ती वाढत नाही. त्या हिशेबाने २.३६ लीटरचा बी-२७५ आणि अडीच लीटरचा मॅसी यांच्यापुढे फोर्ड उभा राहिला तर निर्णय इंजिन स्वतःच देते. तवंदी घाट चढताना भरलेल्या ट्रॉलीसह गिअर किती वेळा खाली आणावा लागतो, एवढे पाहिले तरी फरक दिसून येतो.

खानापूरच्या मित्रांनी लिफ्टचे जे वर्णन केले ते सुंदर आहे, पण ती पद्धत आज एकट्या मॅसीची नाही. फर्ग्युसन आणि फोर्ड यांच्यातला या लिफ्टच्या पेटंटचा खटला १९५२ साली फोर्डने ९२.५ लाख डॉलर देऊन मिटवला. नंतरच्या काळात वरच्या दांड्याची खबर घेणारी लिफ्ट इतर कारखान्यांच्या ट्रॅक्टरांवरही आली. फोर्ड ३००० वरही ती आहे.

उद्यमबागचा मिस्त्री

मी ही इंजिने उघडण्याचेच काम करतो, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो. आपण तिघेही ट्रॅक्टर चालताना कसा असतो ते सांगत आहात. जुना ट्रॅक्टर घेणाऱ्याने आधी तो उघडल्यावर कसा असतो ते विचारावे.

निपाणीकरांच्या फोर्डचे इंजिन दमदार आहे, यात वाद नाही. परंतु त्या ब्लॉकमध्ये कारखान्यातून लायनर, म्हणजे सिलिंडरच्या आत बसणारी बदलता येणारी नळी, बसवलेले नसते. पिस्टन थेट ब्लॉकच्या ओतीव लोखंडातच चालतो. बोअर, म्हणजे सिलिंडरचे भोक, झिजला की ब्लॉक मशीनवर चढवून मोठ्या मापाचे पिस्टन घालावे लागतात, आणि ती मापे संपली की बोअर मोठा करून स्लीव्ह ठोकावी लागते. ज्या बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली सायकलचे दुकान काढले, त्या गावात आज बोअरिंगचे काम अडत नाही, हे मी अभिमानाने सांगतो. पण ब्लॉक उतरवून, गाडीत घालून इथवर आणण्याचा खर्च शेतकऱ्याने आधीच धरावा. पर्किन्सच्या तीन सिलिंडरच्या इंजिनात कोरडे लायनर असतात, म्हणजे लायनरला पाणी लागत नाही. ते प्रेसखाली काढावे आणि बसवावे लागतात. झेटर या झेक कंपनीच्या जुन्या मालिकेत ओले, म्हणजे बाहेरून पाणी लागणारे, लायनर आहेत आणि प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र हेड आहे. एका सिलिंडरचे गॅस्केट गेले तर तेवढेच हेड उतरवायचे, आणि लायनर तर शेडमध्येच, हाताने बदलता येतो. दुरुस्तीच्या दृष्टीने याहून समजूतदार रचना मी पाहिलेली नाही. मात्र लायनरच्या तळाचे रबरी कडे कडक झाले की पाणी सरळ ऑइलमध्ये उतरते, म्हणून ते दर वेळी नवेच घालावे.

भातवाल्या दादांना एक सांगायचे आहे. मॅसीचा हायड्रॉलिक पंप मागच्या पेटीच्या आतच, गिअरच्या तेलात बुडालेला असतो. खाचरातले पाणी ॲक्सलच्या सीलमधून आत शिरले की तेच दुधाळ तेल पंपही ओढतो. असा ट्रॅक्टर विकत घेताना तो रात्रभर उभा ठेवावा आणि सकाळी इंजिन चालू करण्याआधी पेटीच्या तळाचा बोल्ट दोन आटे सैल करावा. आत पाणी असेल तर ते जड असल्यामुळे आधी पाणीच येते, तेल नंतर. लिफ्ट वर नेऊन दाखवणाऱ्या विक्रेत्यापेक्षा हा बोल्ट अधिक खरे बोलतो.

अथणीचा वाचक

झेटरचा विषय निघाला म्हणून थोडक्यात लिहितो. एचएमटीने पिंजोरला १९७१ पासून झेटरच्या सहकार्याने ट्रॅक्टर बनवले आणि तो कारखाना २०१६ साली बंद करण्याचा निर्णय झाला. ज्याचा कारखानाच बंद झाला त्या यंत्रावर आता पैसे घालावेत का, असा प्रश्न विचारला जातो. इंजिनाचे सुटे भाग अजून बाहेरचे कारखाने बनवतात, त्यामुळे इंजिनाची चिंता मला नाही. गिअरबॉक्सच्या भागांसाठी मात्र भंगारात निघालेल्या ट्रॅक्टरांवरच अवलंबून राहावे लागते. म्हणून झेटर घेणाऱ्याने इंजिनापेक्षा गिअर आधी तपासावेत, असे माझे मत आहे.

कडोलीकर

निपाणीकरांचा लीटरचा हिशेब बरोबर आहे, आणि तरीही मी माझे मत बदलत नाही. ट्रॉलीच्या कामात चढण हा अर्धाच प्रश्न असतो. उरलेला अर्धा उताराचा असतो. ओढण्याचे बळ जितके अधिक तितकी ट्रॉली अधिक भरली जाते, आणि ती भरलेली ट्रॉली, जिला स्वतःचे ब्रेक बहुधा नसतात, उतारावर ट्रॅक्टरलाच थोपवावी लागते. मधल्या आकाराचा, पन्नास वर्षांहून जुन्या आराखड्याचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या जोडून हमरस्त्यावर नेण्यासाठी बनवलेलाच नव्हता, मग त्याचे इंजिन कितीही दमदार असो. आपल्या भागात हंगामात रात्री-अपरात्री हे सर्रास चालते आणि ते थांबले पाहिजे, असे मला मनापासून वाटते. एक ट्रॉली, चालू स्थितीतले ब्रेक, रस्त्यावर दोन्ही ब्रेक पेडलांची जोडलेली कडी आणि मागे दिवे, एवढी अट मान्य करूनच पुढची तुलना करावी.

निपाणीकर

दोन ट्रॉल्यांचा मीही पुरस्कार करत नाही. परंतु आपल्या तर्काने कमकुवत इंजिन हा सुरक्षिततेचा गुण ठरू लागतो, आणि ते मला मान्य नाही. एकाच ट्रॉलीने चिकोडीच्या काळ्या रानातून पावसानंतर ऊस बाहेर काढायचा असेल तर बळ राखीव असलेले इंजिन चालकाला घाई करू देत नाही. दमलेले इंजिन मात्र त्याला क्लच जाळायला आणि झटके द्यायला लावते. आपण ज्या क्राऊन-पिनियनची काळजी करता ते या झटक्यांनीच तुटते.

खानापूरचा भातवाला

मिस्त्रीकाकांचा बोल्टचा मुद्दा मी मान्य करतो. आमच्याकडे मृगाच्या आधी ॲक्सलचे सील बदलण्याची पद्धत त्याच कारणाने आहे. परंतु काम केल्यावर निघणारी ही देखभाल आहे, ती यंत्राची उणीव मानता येणार नाही.

झटक्यांचा विषय निघालाच आहे तर जोडणीबद्दल लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण इथे चुकले तर जीव जातो. ट्रॉली अडकली की काही चालक साखळी वरच्या दांड्याच्या भोकाला किंवा सीटखालच्या उंच कंसाला बांधतात. ओढ ॲक्सलच्या वर लागली की मागचे चाक अडकलेले असताना ट्रॅक्टर स्वतःच्याच ॲक्सलभोवती मागे उलटतो. मॅसीसारख्या हलक्या नाकाच्या ट्रॅक्टरवर हे फार झपाट्याने घडते, आणि या जुन्या यंत्रांपैकी बहुतेकांवर चालकाला वाचवणारी चौकट नसते. साखळी नेहमी खालच्या ड्रॉबारलाच, म्हणजे ॲक्सलखालच्या ओढायच्या दांड्यालाच, अडकवावी. बी-२७५ असो वा फोर्ड, हा नियम त्यांनाही तितकाच लागू आहे, आणि आपल्यापैकी जो कोणी जुना ट्रॅक्टर विकेल त्याने मूळ ड्रॉबार आणि त्याची पिन ट्रॅक्टरसोबतच द्यावी, भंगारात काढू नये.