स्वभावाइतकीच व्यवस्थाही पाहा

ज्ञान दडवणारा, म्हणजे सहकाऱ्याने मागितलेली माहिती मुद्दाम न देणारा, प्राध्यापक मुळात आत्मकेंद्रीच असतो, असं मत मांडलं जातं; ते मला अर्धंच पटतं. संशोधक कॅथरीन कॉनेली आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये दडवण्याचे तीन प्रकार मांडले: उडवाउडवी, अज्ञानाचं सोंग आणि 'हे देता येत नाही' असं कारण पुढे करणं. तिसऱ्यात खोटं बोलावंच लागतं असं नाही, म्हणून सरळ माणसंही त्यात सापडतात. बढतीला शोधनिबंध मोजले जातात, मग डेटा हातचा राखला जाणारच.

आमच्या बडोद्यात १९१६ साली गायकवाड ओरिएंटल सीरिज ही ग्रंथमाला सुरू झाली, जुन्या हस्तलिखित पोथ्या छापून अभ्यासकांपुढे आल्या. त्याच शहरात आज नव्या सहकाऱ्याला संशोधन अनुदानाच्या जुन्या अर्जाचा नमुनासुद्धा मिळत नाही, याचं फार वाईट वाटतं. असे नमुने विभागाच्या ग्रंथालयातच ठेवावेत.