व्हँपायरला ‘वेताळ’ म्हटलं तर बिघडलं कुठे?

पडद्यामागची : आमच्या फिल्म क्लबसाठी मुर्नाऊच्या ‘नोस्फेराटू’ या जर्मन व्हँपायर-मूकपटाच्या (१९२२) पाट्या मराठीत करतेय. त्यातल्या हुटरला, म्हणजे नायकाला, सराईत एक जुनं पुस्तक मिळतं. नाव मुद्दाम जुनाट जर्मनमध्ये : व्हँपायर, भयंकर भुतं, जादूटोणा आणि सात महापापं यांविषयी. एवढ्या पोथीवजा पुस्तकावर ‘व्हँपायर’ लिहिलं की ते काल छापल्यासारखं वाटतं. म्हणून ‘वेताळ’ लिहिलं, तर क्लबातले एक काका भडकलेच.

वेंगुर्लेकर : काकांचं बरोबर आहे. आरवलीचा वेतोबा, म्हणजे वेताळच, आमचा राखणदार. रात्री गावभर फिरून त्याच्या चपला झिजतात, म्हणून लोक नव्या वाहतात, केळ्यांचे घड देतात. तुमच्या सिनेमातला व्हँपायर ऑर्लोक उंदीर आणि प्लेग घेऊन गावात शिरतो. वेतोबाने त्याला वेशीवरूनच पिटाळला असता.

तळटीप : घोळाला हातभार रिचर्ड बर्टनचा. १८७० साली त्याने वेताळाच्या गोष्टी इंग्रजीत नेल्या, त्या ‘विक्रम अँड द व्हँपायर’ नावाने. आपला वेताळ प्रेतात शिरतो, कोडी घालतो. रक्ताचं त्याला काय? ‘पिशाच’ घ्या. पिशित म्हणजे मांस, ते खाणारं.

पडद्यामागची : पिशाच फार सरसकट आहे हो. शिवाय पुढे लगेच ‘भयंकर भुतं’ आहेतच.

जुनी पेठ : खवीस!

तळटीप : तो अरबी ‘खबीस’. जुन्या पोथीत कशाला?

जुनी पेठ : आणि व्हँपायर जर्मन आहे की काय? तो सर्बियातला. १७२५ ते ३२ च्या सुमारास ऑस्ट्रियन अंमलदारांच्या अहवालांतून जर्मनीत पोचला. त्यांनी उसना घेतला तर चालतो, आपण घेतला की भाषा बाटते! माझी आजी समंध, मुंजा, खवीस असे वेगवेगळे ओळखायची, लोक आंबे ओळखतात तसे. शब्द कुठला, हे तिने कुठल्या भुताला विचारलं नाही.

निमूट : मुळात ‘नोस्फेराटू’ म्हणजे काय?

तळटीप : एमिली जेरार्ड या लेखिकेने १८८५ च्या लेखात तो शब्द रुमानियन म्हणून दिला, ‘ड्रॅक्युला’वाल्या स्टोकरने तिथून उचलला. रुमानियन लोक व्हँपायरला ‘स्त्रिगोई’ म्हणतात. ‘नेसुफेरित’, म्हणजे असह्य माणूस, चुकीचं ऐकलं असावं असा एक तर्क आहे.

जुनी पेठ : म्हणजे पिक्चरचं नावच ऐकण्यातली चूक, आणि आपण इथे शुद्धलेखन करतोय.

वेंगुर्लेकर : एक मात्र आपलंच वाटलं. त्या पुस्तकात आहे की एखादीने व्हँपायरला पहिल्या कोंबड्याचं भान राहू दिलं नाही तरच तो संपेल. आमच्याकडेही कोंबडा आरवला की भुतं पळतात. आरवली हे नावही त्यावरूनच.

तळटीप : हे तुम्ही आत्ता रचलंत.

वेंगुर्लेकर : गावातला म्हातारा सांगायचा. तुम्ही कधी गेलाय आरवलीला?

पडद्यामागची : अहो, गुरुवारी खेळ आहे! सध्या ‘रक्तपिपासू’ टाकतेय.

तळटीप : पिपासू म्हणजे नुसता पिण्याची इच्छा असलेला. हा प्रत्यक्ष पितो.

निमूट : त्या चपला किती मोठ्या असतात?