रिठ्याच्या पाण्यात कर्क्युमिन: पिवळं झालं, पण विरघळलं का?

शहादेकरीण:
नमस्कार मंडळी. एम. फार्म.चा प्रोजेक्ट करतेय. ट्वीन ८० या कारखान्यात बनणाऱ्या विरघळवणाऱ्या घटकाऐवजी रिठ्यातलं सॅपोनिन (फेस करणारा घटक) वापरून हळदीतलं, पाण्यात सहसा न विरघळणारं कर्क्युमिन पाण्यात आणायचं, हा विषय मी हट्टानं मागून घेतला. धुळ्याहून रिठे आणले, बिया काढल्या, टरफलं भिजवून गाळली आणि त्या पाण्यात कर्क्युमिन टाकून शेकरवर ठेवलं. पाणी पिवळंधमक! सर म्हणाले, "रंग दिसला, पुरावा कुठाय?" पुढे पोटात घ्यायचं औषध करायचा विचार आहे. आजीला सांगितलं तर म्हणे, "रिठानं पानी पोटमा? येडी व्हयनी का?" कोणी अनुभवी सांगेल का?

तापीकाठचा:
ताई, सर बरोबर बोलले. बारीक कण नुसते तरंगत असले तरी पाणी पिवळंच दिसणार. कर्क्युमिन जास्तीचं टाक, ३७ अंशांवर २४ तास हलव, मग ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून काढ. पहिले काही मिली फेकून दे, कारण फिल्टरही थोडं कर्क्युमिन धरून ठेवतो. उरलेलं मेथनॉलमध्ये पातळ करून ४२५ नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश किती शोषला जातो ते मोज. ब्लँक, म्हणजे तुलनेचा कर्क्युमिन नसलेला नमुना, मात्र रिठ्याच्याच पाण्याचा घे, त्याला स्वतःचा तपकिरी रंग असतो.

हे सगळं रिठ्याच्या वेगवेगळ्या प्रमाणांवर कर. सॅपोनिनचे मायसेल, म्हणजे रेणूंचे बारीक गोळे, एका ठरावीक प्रमाणानंतरच बनतात. विरघळलेल्या कर्क्युमिनच्या आलेखात रेघ जिथून वर चढायला लागेल तिथे तुझं सीएमसी, म्हणजे मायसेल बनायला लागणारं ते प्रमाण. त्याच्या खाली फेस कितीही येऊ दे, कर्क्युमिन फारसं वाढणार नाही. फेस पृष्ठभागावरचा खेळ आहे, औषध मायसेलच्या पोटात शिरतं.

पीएचकडेही बघ. रिठ्याचं पाणी थोडं आंबट असतं, ते तुझ्या पथ्यावर. पीएच ७.२ च्या फॉस्फेट बफरमध्ये ३७ अंशांवर साधं कर्क्युमिन अर्ध्या तासात जवळपास ९० टक्के मोडतं. हळदीच्या डागावर साबण लावला की लाल होतो, तोच अल्कलीचा खेळ.

आता पोटाचं. औषध पेलाभर पाण्याबरोबर गेलं की पातळ होतं, सीएमसीखाली घसरलं तर मायसेल सुटतात आणि कर्क्युमिन पुन्हा खाली बसतं. त्यामुळे पातळ करून पुन्हा गाळ, पुन्हा मोज. बाटलीतला आकडा एकटा थीसिसमध्ये मिरवू नकोस.

आणि आजींचं ऐक! रिठ्यानं उलटी होते हे आयुर्वेदातही सांगितलंय. सॅपोनिन लाल रक्तपेशींच्या पडद्यातलं कोलेस्टेरॉल धरून पेशी फोडतं. शिरेतून द्यायचा विचारही नको. पोटातूनच द्यायचं तर लेसिथिन (फॉस्फोलिपिड नावाचे स्निग्ध घटक असलेला पदार्थ) बघ. सोयाबीनच्या फॉस्फोलिपिडशी वनस्पतीतले घटक बांधून फायटोसोम करतात, मिल्क थिसल या वनस्पतीतल्या सिलिबिनचं तसं उत्पादन बाजारात आहे. रिठा त्वचेवरच्या जेलसाठी ठेव, माझं तरी हेच मत.

काढेवाले काका, नंदुरबार:
माझं काष्ठौषधीचं दुकान आहे, म्हणून दोन शब्द. रिठा म्हणून दोन झाडांची फळं येतात. उत्तरेकडचा सॅपिंडस मुकोरोसी आणि आपल्याकडचा ट्रायफोलिएटस, ज्याची फळं तीन-तीन चिकटलेली असतात. कोणता घेतला ते बॉटनीवाल्याकडून लिहून घे, नाहीतर पुढची पोती आली की आकडे हलतील. साल चिकट, उजेडात धरली तर मधासारखी दिसणारी हवी. भिजवलेलं पाणी उन्हाळ्यात लगेच आंबतं, त्याला पांढरी बुरशी धरते. रोज ताजं कर किंवा सुकवून पूड कर.

शहादेकरीण:
काका, पिशवीत दोन्ही तऱ्हा दिसतायत! वेगळं करते. दादा, ज्येष्ठमधाचं ग्लिसिरायझिन कसं राहील? तेही मायसेल करतं असं वाचलं.

तापीकाठचा:
करतं, आणि रिठ्यापेक्षा सौम्य आहे. पण जास्त दिवस, जास्त मात्रेत गेलं तर पोटॅशियम उतरतं आणि बीपी चढतं, तेव्हा मात्रेचा हिशेब आधी मांड. तुलनेसाठी ट्वीन ८० ची एक रांग ठेवच, परीक्षक पहिला प्रश्न तोच विचारतील. रक्तपेशींची चाचणी तिन्हींवर कर.