स्ट्रीमरआधी अ‍ॅम्प्लिफायर पाहावा
जुन्या अ‍ॅम्प्लिफायरला महागडा स्ट्रीमर (इंटरनेटवरून संगीत वाजवणारे उपकरण) जोडावा की स्वस्त, या आपल्या प्रश्नावरील चर्चेत एक मुद्दा राहून गेला आहे. अ‍ॅम्प्लिफायरला डिजिटल सिग्नल घेणारे ऑप्टिकल किंवा कोअ‍ॅक्सियल इनपुट असेल, तर डिजिटलचे अ‍ॅनालॉग तोच करतो आणि स्ट्रीमरमधील भारी डॅकचे (हेच रूपांतर करणाऱ्या भागाचे) पैसे वाया जातात. केवळ अ‍ॅनालॉग सिग्नल घेणारे आरसीए इनपुट असतील, तर मात्र त्या डॅकला महत्त्व येते. सीडीच्या दर्जाच्या, म्हणजे १६ बिट व ४४.१ किलोहर्ट्झच्या संगीताला सेकंदाला जेमतेम १.४ मेगाबिट लागतात, त्यामुळे अडचण सहसा इंटरनेटची नसते. सोलापुरातल्या आमच्या जुन्या घरात दगडी भिंतींपलीकडे वायफायच पोचेना, तेव्हा लॅन केबल ओढली आणि विलंबित ख्यालात मध्येच पडणारा खंड थांबला. इथरनेट पोर्ट (लॅन केबल जोडायची जागा) नसलेला स्ट्रीमर, कितीही देखणा असला तरी, मी घेणार नाही.